मोहाखालची टोपली

पुनाजीनं कासरा असा ओढला की बैलं दोन पावलं मागं सरकली. गाडीवाटेच्या मधोमध, शिवेवरच्या मोहाखाली, मातेची टोपली ठेवलेली होती. वर लाल फडकं, कडुनिंबाचा डहाळा, हिरव्या बांगड्या. आणि ते फडकं हललं.

"बाई, गाडी फिरवतो मी," पुनाजी म्हणाला. सन चोपन्नच्या चैतातलं भरदुपारचं ऊन, आणि त्याचे दात वाजत होते.

गाडीत बसलेली आनंदाबाई मिशनच्या दवाखान्यातली नर्स. मिशनच्याच अनाथाश्रमात वाढलेली, चेहराभर देवीचे वण. पुढच्या गावात देवीची साथ होती आणि ती सेलूहून लस टोचायला निघाली होती. गाडी फिरली तर लेकरं मरतील, हे पुनाजीलाही कळत होतं. पण कळून काय उपयोग? साथ आली की गाव मातेला टोपलीत बसवून शिवेवर नेऊन ठेवायचं. त्या टोपलीला जो हात लावेल, त्याच्या घरी माता जायची. नाताळात पुनाजीनं बाप्तिस्मा घेतला, गळ्यात क्रूस आला, सगळं खरं. पण जन्माचं भेव का पाण्याच्या चार थेंबांनी धुतलं जातं?

"थांबा, मी बघते," आनंदाबाई उठली.

"नोका उतरू, बाई!" तो ओरडलाच. मग जे त्यानं बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं, ते तोंडून निघून गेलं. "सत्तावीस वर्सं झाले. मोठी साथ आलती. अशी टोपली म्याच आणली, याच मोहाखाली. लय जड होती. माहा बुढा बाप म्हणे, माता बसली हाय, जड लागनच. अंदर काहीतरी कण्हून राह्यलं होतं. बुढा म्हणे, कोंबडीचं पिल्लू हाय, फडकं उचलू नोको, मांगं पाहू नोको. म्या नाई पायलं. ठेवली अन् पळालो. तो आवाज अजून कानातून जात नाई, बाई."

या मोहाजवळ आलं की आनंदाबाई नेहमीच गप्प व्हायची. बाईलेही भेव वाटते, असं पुनाजी समजायचा. आज मात्र तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"मग आज फडकं तुम्हीच उचला, पुनाजीभाऊ," ती म्हणाली. "रविवारी काय वाचलं होतं आपण?"

वादळात शिष्य भूत समजून किंचाळले, तेव्हा पाण्यावरून चालत येणारा येशू जे बोलला, ते. पुनाजी खाली उतरला. 'भिऊ नका, मी आहे. भिऊ नका, मी आहे.' दहा पावलांत त्यानं ते वीसदा म्हटलं. त्यानं डोळे गच्च मिटले आणि फडकं ओढलं.

पिल्लू! दोऱ्यानं पाय बांधलेलं, चोच वासलेलं कोंबडीचं पिल्लू!

पुनाजी हसला आणि हसता हसता रडायला लागला. त्यानं दोरा तोडला, पिल्लाला ओंजळीतून पाणी पाजलं, टोपली एका हातानं उचलून बाजूला ठेवली. आभाळ काही कोसळलं नाही. सत्तावीस वर्षांचा धोंडा छातीवरून उतरला होता.

"पिल्लूच हाय, बाई!" तो पिल्लू उंच धरून म्हणाला. "म्हंजे तवाही पिल्लूच असन ना?"

आनंदाबाई गाडीतून उतरली. 'हो' म्हटलं असतं तर बिचारा त्या रात्री सुखानं झोपला असता. पण तिनं त्याचा हात धरला आणि आपल्या वण पडलेल्या गालावर ठेवला.

"भिऊ नका, पुनाजीभाऊ," ती म्हणाली. "त्या टोपलीत मी होते."