विकायची की ठेवायची

"विकायची," इमराननं फूपीच्या, म्हणजे सुरैय्या आत्याच्या, आधीच सांगून टाकलं. "नियमात बसते तेवढी सगळी."

अमरावतीच्या जिल्हा परिषदेत पेन्शनच्या टेबलापाशी दोघं बसले होते. आकांक्षा मॅडमनी खरं तर विचारलं होतं सुरैय्याला. पेन्शनचा काही भाग विकून आत्ताच एकरकमी पैसे घेता, की दर महिन्याला पूर्ण पेन्शन घेता? पण इमरान पडला कर सल्लागार. इर्विन चौकात त्याचं ऑफिस. अर्ध्या बाजाराचे रिटर्न तो भरायचा. स्वतःच्या फूपीचा हिशोब तो दुसऱ्या कोणाला कसा करू देईल?

सुरैय्या चांदूर बाजारजवळच्या एका उर्दू शाळेची हेडमास्तरीण. चौपन्नाव्या वर्षी तिनं स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला, तेव्हा घरच्यांनी सगळा दोष तिच्या गुडघ्यांवर टाकला. तिनंही तो टाकू दिला. इमरान मात्र त्या दिवसापासून कामाला लागला होता. पेन्शनवर कर किती बसेल, ग्रॅच्युइटीवर का बसत नाही, ज्येष्ठांच्या बचत योजनेत जायला फूपीचं वय अजून कसं कमी पडतं, हे सगळं तो तिला जेवतानासुद्धा समजावून सांगायचा. तसंही धर्मात मनाई असलेलं व्याज फूपीला नको होतं. म्हणून त्यानं भाड्याचा रस्ता काढला. पेन्शन विकायची, आलेल्या पैशावर कर नाही, त्यात ग्रॅच्युइटी घालायची आणि बडनेरा रोडला एक गाळा घ्यायचा.

हिशोब चोख होता. त्यात स्वार्थही नव्हता. इमरान तिसरीत असताना त्याचे अब्बा गेले. तेव्हापासून फूपीनंच त्याला वाढवलं. तिला स्थळं येत गेली, ती पुढच्या वर्षी पाहू म्हणत गेली, आणि मग स्थळं येणंच थांबलं. फूपीच्या म्हातारपणात तिला कोणापुढे हात पसरावा लागू नये, एवढीच इमरानची इच्छा होती.

"पेन्शन फूपीसोबतच संपणार ना मॅडम," तो समजावू लागला. "मागं घ्यायले कोणी नाही. मग सरकारकडे कायले ठेवायची?"

आकांक्षा मॅडमनी मान हलवली आणि कुटुंबात कोणाचं नाव लावायचं ते विचारलं. इमरान म्हणाला, कोणाचंच नाही, लग्न नाही केलं त्यांनी.

सुरैय्यानं ओढणी सारखी केली.

"मॅडम, रिटायर व्हायच्या आधी लग्न झालं, तं नवऱ्याचं नाव लागते ना?"

"लागते ना. कोणाचं लग्न आहे?"

"माहं," सुरैय्या म्हणाली. "ईदनंतरच्या पहिल्या जुम्म्याले."

शेजारच्या टेबलावरचा शिक्का मारायचा आवाज थांबला. आकांक्षा मॅडम आधी इमरानकडे पाहत राहिल्या, मग सुरैय्याकडे, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. निकाहनामा घेऊन या, नाव लावून देते, असं त्या म्हणाल्या. इमराननं फक्त एवढंच म्हटलं, की विकायचं सध्या राहू द्या.

तो पुढं होऊन जिना उतरू लागला. सुरैय्या एकेक पायरी कठड्याला धरून उतरत होती. खाली लिंबाच्या झाडाखाली बाक होता. तिथं बसल्यावर तिनं सगळं सांगितलं.

नबी संत्र्याच्या पेट्या बनवायचा. शाळेच्या वाचनालयाला फळ्या हव्या होत्या, तेव्हा ओळख झाली. त्याची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. माणूस कमी बोलायचा, पण शाळेत आला की पोरांजवळ बसून एखादं गोष्टीचं पुस्तक वाचल्याशिवाय जायचा नाही. पुढं सुरैय्याच त्याच्यासाठी पुस्तकं बाजूला काढून ठेवू लागली. दोघांपैकी कोणी त्यापुढं गेलं नसतं. पुढं गेली ती नबीची मुलगी मिस्बाह. ती अकोल्याहून मिठाई घेऊन आली आणि सरळ म्हणाली, खाला, आमच्या घरी कायमच्या चाला. सुरैय्यानं उत्तर द्यायला रमजान उजाडू दिला. उत्तर तर तिला त्याच दिवशी ठाऊक होतं. नोकरी सोडायची ती गुडघ्यांसाठी नाही, या संसारासाठी, हेही.

इमरान सगळं ऐकत राहिला. मग त्यानं विचारलं, नबीचाचांना साखर, बीपी काही आहे का. नाही म्हटल्यावर, धंद्याचं रिटर्न कोण भरते म्हणून विचारलं. कोणीच भरत नाही, हे ऐकून त्यानं कपाळाला हात लावला. आणि तसाच, हात कपाळावर असतानाच, तो हसू लागला. सुरैय्याच्या जिवात जीव आला.

पण हसू ओसरल्यावर त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला.

"सगळ्या ऑफिससमोर सांगतलं, फूपी. मले आधी काहून नाही सांगतलं?"

"तीनदा सांगाले आली तुह्याकडे. तू दर येळी हिशोब घेऊन बसला." सुरैय्यानं त्याचा हात हातात घेतला. निकाहात नवरीकडे जाऊन तिला कबूल आहे का, हे विचारणारा वकील घरचाच माणूस लागतो. बाप नसला तर भाऊ, भाऊ नसला तर त्याचा मुलगा.

"पेन्शनचे कागद तं चांदूर बाजारातच देता येत होते, बेटा. मी अमरावतीले आली ती तुले माहा वकील हो म्हनाले."