कारण, पाचशे शब्दांत

तिने कागद बुवांच्या पुढ्यात ठेवला आणि हातमोजे काढायचं निमित्त करून बेसिनकडे गेली.

"पाचशे शब्द म्हणालीस ना? हे तर दीड पान दिसतंय," बुवा चष्मा पुसत म्हणाले. "कॉलेजात प्रवेश हवाय की आत्मचरित्र छापायचंय?"

प्रयोगशाळेत ते सगळ्यांत जुने. कशावरही प्रवचन ठोकत, म्हणून बुवा. प्रत्येकाच्या निरोप समारंभाचं भाषण तेच लिहून देत. चार महिन्यांनी स्वतःच्या निरोपाचंही आपणच लिहिणार, दुसऱ्या कुणाच्या भाषेचा भरवसा नाही, असं सांगत फिरत. तिने कागद दिला होता तो भाषा तपासायला म्हणून. खरं तर पाच वाजता अर्जाची मुदत संपायच्या आत त्यांनी तो वाचायलाच हवा होता.

कायद्याचं शिक्षण का घ्यायचं आहे ते स्वतःच्या शब्दांत लिहा, असं अर्जात होतं. तीन आठवडे ती लिहून खोडत होती. लहानपणापासून न्यायाची ओढ, समाजाची सेवा. एकही वाक्य तिच्या ओळखीचं नव्हतं. काल दुपारी तिने खरं कारण लिहायला घेतलं, आणि ते एका बैठकीत लिहून झालं.

तिने नळ सोडला. मागे बुवा सवयीप्रमाणे मोठ्याने, ठसक्यात वाचत होते. मग आवाज उतरत गेला. मग थांबला.

रक्तातलं दारूचं प्रमाण मोजताना प्रत्येक नमुना यंत्रात दोनदा लावायचा, असा नियम होता. दुसऱ्यांदा लावायचं तर आणखी अर्धा तास जाई, आणि रॅकवर नमुने तुंबलेले असत. म्हणून पहिला आकडा आला की दुसरा हातानेच लिहायचा, शेवटचा अंक जरा इकडेतिकडे करून. अगदी सारखा लिहिला तर खोटा वाटतो. हे तिला पहिल्याच आठवड्यात बुवांनी शिकवलं होतं. अपघाताच्या खटल्यातल्या एका ट्रकचालकाचा आकडा मर्यादेच्या जेमतेम वर होता. दुसरा बुवांनी लिहिला, खाली सही तिने केली, आणि कोर्टात "दोनदा तपासलंत?" असं विचारल्यावर "हो" तीच म्हणाली. त्याला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली.

"माझं नाव नाही घातलंस," बुवा म्हणाले.

"नाही."

"म्हणजे कुणाला कळणार नाही, असं वाटतं तुला?"

तिने नळ बंद केला. रजिस्टरमध्ये अक्षर कुणाचं होतं ते दोघांनाही माहीत होतं.

"अगं, दुसऱ्यांदा लावला असता तरी तेवढाच आला असता."

"आला असता. किंवा खाली आला असता. आता कळायचा मार्गच नाही, बुवा. नमुना केव्हाच नष्ट झाला."

"मग? ज्याचं उत्तर निघणार नाही ते उकरून काय मिळवणार आहेस?"

"त्यांनी कारण विचारलंय. माझं कारण हे आहे."

"आणि खोटी साक्ष दिलेल्या बाईला ते हार घालून आत घेणार होय?"

"नाही घेणार कदाचित."

बुवांनी कागदाची घडी घातली, परत उलगडली. ते ओरडतील अशी तयारी तिने केली होती. ते ओरडले नाहीत.

"घरी आमची बायको येईल-जाईल त्याला सांगत असते, अडतीस वर्षांत एक डाग नाही. फॉर्म पुढच्या वर्षीही निघतो गं. वर्षभर थांब. मी इथून बाहेर पडतो, मग लिही काय लिहायचं ते. तो कधी सुटतोय?"

"पुढच्या जूनमध्ये."

"बघ! तोवर तोही सुटलेला असेल."

आजाऱ्याला धीर द्यावा तसं त्यांनी ते म्हटलं.

"मला यंदाच भरायचाय," ती म्हणाली. म्हणून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण फक्त अर्जाबद्दल बोललो, त्यात लिहिलेल्या कारणाबद्दल नाही.

बुवांच्याही लक्षात आलं. त्यांनी खुर्ची तिच्या संगणकाजवळ ओढली.

"मग यंदाच भर. त्यात काय! दुसरं लिहू. चार वाजलेत, तासाभरात उडवून टाकू. लिहून घे. 'न्याय हा शब्द मी पहिल्यांदा घरात ऐकला.'"

"आमच्या घरात कुणी..."

"ऐकला नसला तरी घे."

तिने घेतलं. बुवांचा आवाज हळूहळू पूर्वीसारखा झाला. एका वाक्यातून दुसरं सहज निघत होतं, मध्येच ते एखादा शब्द बदलायला लावत, आणि बदलल्यावर तो खरंच जास्त बरा वाटे. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच तिला काही खोडावं लागलं नाही. आईचा कष्टाळूपणा आला, गरिबांची बाजू आली. तिचा कागद टेबलावर उलटा पडला होता आणि बुवांनी त्यावर कोपर टेकलं होतं.

"त्याला मुलं आहेत का गं?" बुवांनी मध्येच विचारलं.

"एक मुलगी. कोर्टात आली होती. बाकावर बसली की पाय जमिनीला टेकत नव्हते तिचे."

बुवा पडद्यावरच्या अक्षरांकडे बघत राहिले.

"किती शब्द झाले?"

"चारशे दहा."

"हं," ते म्हणाले. "पुढचं वाक्य घे."

तिने घेतलं.