मशीनची जागा

रंगाचा तिसरा थर निघाला आणि खाली सागवान दिसलं. धाकटीने काचपेपर बाजूला टाकून नवऱ्याला हाक मारली.

"अहो, बघा तरी! आईच्या मशीनचं लाकूड इतकं देखणं होतं!"

नवऱ्याने वाकून बघितलं, मान डोलावली आणि दोनदा शिंकला. महिनाभर घरात जिकडेतिकडे भुसा होता.

आईचं पायमशीन दादाच्या घरी जिन्याखाली पडून होतं. तो ते भंगारात देणार होता. "आईचे गुडघे वळत नाहीत, चालवणार कोण?" असं त्याचं म्हणणं. धाकटी हट्टाला पेटली. टेम्पो करून तिने मशीन आपल्या घरी आणलं आणि आईला यातलं काही कळू द्यायचं नाही, अशी दादाला तंबी दिली. वडील गेले तेव्हा धाकटी सात महिन्यांची होती. त्यानंतर तीन पोरं वाढली ती या मशीनवर. गणवेश, ब्लाउज, उशांचे अभ्रे, आई जे येईल ते शिवायची. मशीन म्हणजे आईचा जीव की प्राण, असंच धाकटी सगळ्यांना सांगायची.

मशीन दुरुस्त करणाऱ्या काकांनी गंजलेलं चाक रॉकेल पाजून सोडवलं, नवा चामडी पट्टा चढवला. फुगून बसलेले खण धाकटीने स्वतः रंधा मारून मोकळे केले. लाखेच्या पॉलिशचे पाच हात दिले. काकांनी पायडलकडे बोट दाखवलं. लोखंडाची नक्षी एका जागी झिजून पार सपाट झाली होती.

"बाई दमल्या असतील हो फार," ते म्हणाले.

रविवारी दादा आईला घेऊन आला. जुन्या घरात होतं तसंच मशीन खिडकीशेजारी, भिंतीला लावून ठेवलेलं होतं. पुढे स्टूल. दादाने मोबाइल काढून तयार ठेवला.

आईने चाकाला हात लावला. चाक लोण्यासारखं फिरलं.

"बस ना, आई. एक तरी टीप मार. तुला किती आवडायचं शिवायला!"

"मला?" आईने तिच्याकडे बघितलं. "मला विचारलं होतं कुणी?"

दादाने मोबाइल खाली घेतला. धाकटीचा चेहरा खर्रकन उतरला. आईने तिचा हात हातात घेतला. नखं पॉलिशने काळी झाली होती.

"सुरेख केलंयस ग. आणि माझा मशीनवर राग नाही, त्याने आपल्याला जेवू घातलं. फक्त ते इथून हलव."

"कुठे ठेवू?"

"खोलीच्या मधोमध. भिंतीपासून लांब."

दादाने आणि जावयाने मिळून मशीन ओढून उलटं फिरवलं; धाकटी वाट देत दाराशी सरकली. आईने स्टूल भिंतीच्या बाजूला ठेवायला लावलं आणि गुडघ्यावर हात टेकत त्यावर बसली. आता तिचं तोंड सगळ्यांकडे होतं.

"हां. आता दिसता सगळे."

दादा हसला. "आमच्यात काय बघायचं राहिलंय आता? जन्मभर बघतेच आहेस की आम्हाला."

"जन्मभर भिंत बघितली रे मी," आई म्हणाली. "तुम्ही सगळे माझ्या पाठीमागे. दिलेला वायदा पाळायचा, तर मान वर करायची सोय नव्हती. ही पहिलं पाऊल टाकून चार पावलं चालली, ते मला शेजारीण सांगायला आली. मी तिथेच होते, त्याच खोलीत. बाही जोडत होते."

दाराशी उभी असलेली धाकटी डोळे पुसत आईकडे निघाली. पन्नाशी उलटलेली, एका पायाने जरा लंगडणारी.

"हळू ये ग," आई म्हणाली. "मला बघू दे."