लोणच्यांच्या रांगेतली बरणी

"जळगावात समुद्र कुठून आला, बाई?" म्हणत विभागप्रमुखांनी सुगंधाची बरणी बेसिनमध्ये रिकामी केली. सुरतेहून पॅसेंजरनं, मांडीवर धरून आणलेलं समुद्राचं पाणी गेलं, आणि त्यातले तिच्या संशोधनाचे एकपेशीय जीवही. सुगंधा रडली नाही. त्याच पाण्याची दुसरी बरणी घरी सासूबाईंच्या लोणच्यांच्या रांगेत होती. "लोनचानी बरनीले मन्हाशिवाय कोनी हात लावत नही," बजावत त्यांनीच तिथं दडवली होती. दुसऱ्या दिवशी सुगंधानं त्यातला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून विभागप्रमुख सरांनाच बोलावलं. "हे जिवाणू या जिवानं खायला म्हणून गिळले, सर. पण पचले नाहीत. पोटातच घर करून बसले. आता पेनिसिलिननं त्यांना मारलं, की हाच मरतो." सर बराच वेळ भिंगावरचा डोळा काढेनात. तिनं बरणी त्यांच्याच टेबलावर ठेवली. "ही आता इथंच राहील. हिला माझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही!"