एक नवा सेल, एक जुना

सिस्टरांनी यंत्राच्या मागचं झाकण सरकवलं आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटल्या. आत दोन सेल होते. एक धडधाकट, दुसरा पाझरलेला. त्याची पांढरी भुकटी स्प्रिंगवर चढून आतल्या तारेपर्यंत पोचली होती.

पोटावर टेकवलं की बाळाचे ठोके मोठ्याने ऐकवणारं, मुठीत मावणारं ते यंत्र. समोर तपासणीच्या खाटेवर सासूबरोबर आलेली एक सून पडून होती. आठवा महिना संपत आलेला. सकाळपासून बाळ हललं नव्हतं.

"काय झालं?" उशाशी उभ्या असलेल्या सासूने विचारलं.

"सेल गळलाय."

"आमच्या रिमोटचे गळतात. मी उन्हात ठेवते."

"उन्हाने तर जास्तच गळतात, ताई."

"मग चावते."

सून हसली नाही. सासूही नाही. जीभ थांबली तर पोटातली भीती वर येईल, म्हणून ती चालू होती एवढंच.

चूक कुणाची, हे सिस्टरांना ठाऊक होतं. मागे दोनच नवे सेल आले, तेव्हा त्यांनी एक भिंतीवरच्या घड्याळाला दिला आणि एक यंत्राला. नव्याच्या जोडीला जुना ठेवला की तो गळतो, हे माहीत असूनही यंत्रातला दुसरा जुनाच राहू दिला. अजून जीव आहे त्याच्यात, असं म्हणाल्या होत्या.

त्यांनी हातमोजे घातले, सेल काढून बाजूला ठेवले. काडीला कापूस गुंडाळून व्हिनेगरमध्ये बुडवला आणि भुकटीवर फिरवला. ती फसफसली. कोरडा कापूस फिरवला, मग खोडरबराने घासलं. तेवढ्यात स्प्रिंग बिस्किटासारखी मोडली आणि त्यांच्या चिमटीत आली.

"मोठ्या दवाखान्याची गाडी निघालीय," त्या म्हणाल्या. "पाऊण तासात येईल."

"पाऊण तास?" सून म्हणाली. एवढंच ती बऱ्याच वेळाने बोलली होती, तेही छताकडे बघत.

सिस्टरांनी खणातून लाकडी नळी काढली. वीतभर लांब, एका टोकाला पसरट. यंत्रं नव्हती तेव्हा याच नळीने काम भागत असे. त्यांनी पोट चाचपलं, बाळाची पाठ कुठे आहे ते बोटांना लगेच सापडलं. तिथे नळी टेकवली, कान लावला.

काही नाही.

जागा बदलली. काही नाही. दुसरा कान लावला.

पोट गप्प आहे की आपला कान, हे त्यांना कळेना. वर्षभरापासून त्यांचे कान मंदावले होते. यंत्राचा आवाज मोठा, त्यामुळे कुणाला पत्ता लागला नव्हता. निवृत्तीला सहा महिने राहिलेले.

त्या उठून उभ्या राहिल्या.

"ताई, मला ऐकू कमी येतं. तुम्ही ऐका."

सासू बघतच राहिली. "मी? मी शर्टाला काजं करते हो बाई!"

"कान आहेत ना? या इकडे."

पुन्हा पोट चाचपून सिस्टरांनी नळी त्याच जागी धरली. सासूने वाकून कान लावला, नळीला हात घातला. सिस्टर म्हणाल्या, "हात काढा. नुसता कान. आणि बोलू नका."

"हिच्या पोटात गुडगुडतंय नुसतं. सकाळी म्हटलं होतं, दोन घास खाऊन नीघ, तर..."

आणि ती थांबली.

तोंड उघडंच राहिलं. डोळे भिंतीवर होते, पण भिंत दिसत नसावी. कपाळावरच्या आठ्या एकेक करून सुटल्या.

"आई?" सुनेने विचारलं.

"ठोका," सिस्टर घाईने म्हणाल्या. "जसं ऐकू येतंय तसंच. बोटाने, माझ्या हातावर."

सुईने टोचून खरखरीत झालेलं बोट सिस्टरांच्या मनगटावर पडू लागलं. भराभर, न चुकता. दुसऱ्या हाताने सिस्टरांनी सुनेची नाडी धरली. ती कितीतरी संथ होती. म्हणजे हे ठोके तिचे नव्हते. आत दुसरं कुणीतरी होतं आणि ते सासूच्या कानातून उतरून बोटापर्यंत आलं होतं. चौतीस वर्षांत सिस्टरांनी हजारो ठोके ऐकले होते. हातावर एकही पडला नव्हता. घड्याळाच्या काट्यावर नजर ठेवून त्या मोजत राहिल्या आणि मोजता मोजता आपण श्वास घ्यायला विसरलोय, हे त्यांच्या ध्यानात आलं.

मिनिट संपलं.

"एकशे बेचाळीस," त्या म्हणाल्या. "छान आहेत. पण गाडी आली की जायचंच आहे, बाळ कशामुळे हललं नाही ते तिथे बघतील. ताई, उठा आता."

सासू उठली नाही.

"मला नाही का ऐकू येणार?" सून म्हणाली. नळी तिच्या कानापर्यंत पोचण्यासारखी नव्हती.

कान न उचलता सासूने हात लांब केला, चाचपडत सुनेचा तळवा शोधला आणि त्यावर बोट टेकवलं.

सुनेने हळूच मूठ मिटली. मिटलेल्या मुठीत ते बोट ठोकतच राहिलं.