शिटी

मुन्नाच्या नव्या, विजेवर चालणाऱ्या गाडीने अड्याळ सोडले आणि मागे बसलेल्या मोतीलालच्या कानात बारीक शिटी वाजू लागली.

"मुन्ना, काई तरी वाजून राहिलं रे."

"मले तं काईच ऐकू येत नाही, बाबा. तुमाले एसटीच्या खडखडाटाची सवय," मुलगा हसला.

शेजारी नात रंजूने मात्र कान घट्ट दाबले होते.

लाखांदूरचा फाटा आला तशी शिटी सुईसारखी टोचू लागली. मुन्नाने मान झटकून गाडी डावीकडे वळवली. लगेच आवाज उतरला.

"इकडे कायले वळला?"

"कुठं वळलो? सरळच तं जाऊन राहिलो."

पुढच्या दोन्ही वळणांवर तेच झाले. शेवटी समोर तलावाची उंच पाळ दिसली.

जन्मभर मोतीलालने मासे असेच हाकलले होते. एका बाजूने पाण्यावर काठ्या आपटायच्या. मासा बिचारा शांतता असेल तिकडे पळतो, आणि जाळे तिकडेच असते.

"गाडी थांबव! पोरगी हाये गाडीत!"

"थांबलीच तं हाये, बाबा," मुन्ना शांतपणे म्हणाला. गाडी पाळ चढत होती.

रंजूने कानांवरचे हात काढले. "आबाजी, आता किती बरं वाटते!"