लोडर बदलायला लागणारा वेळ

गोळा चिलखतातून आत घुसला आणि पडद्यावरची चार माणसं एकदम पिवळ्याची लाल झाली.

"हेच बघा ना आजोबा," खेळ आखणारी अबोली म्हणाली. "एक गोळा आणि चारही जण खलास. प्लेअर बोंबलतात. खरं असेल हो, पण मग खेळात मजा काय राहिली?"

नंदकुमारांनी चहाचा घोट घेतला. अंधेरीच्या या काचेच्या ऑफिसात ते तीन महिने येत होते. एकाहत्तरच्या लढाईत ते रणगाड्यावर गनर, म्हणजे तोफ डागणारे होते, आणि नातू केयूर कामाला होता ती कंपनी रणगाड्यांचा व्हिडिओ गेम बनवत होती. गोळा केवढा जड, तो तोफेत ढकलताना कोपर कुठे आपटतं, आत धूर किती वेळ कोंडतो, सगळं त्यांनी मन लावून सांगितलं होतं. खेळातल्या आरोळ्यासुद्धा त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड झाल्या होत्या. मुलं मोठी गोड. मुलुंडच्या देवळातून रामनवमीच्या कीर्तनाचा सुंठवडा त्यांनी पुडीत बांधून आणला, तर सगळी खुर्च्या सोडून धावत आली होती. परवा त्यांना जॅकेट मिळालं, छातीवर 'रणगाडा सल्लागार' असं शिवलेलं. एसी कडक होता, तरी ते मांडीवरच होतं. लढाईनंतर नंदकुमारांनी पूर्ण बाह्यांचं काही अंगात घातलं नव्हतं.

"मग काय उपाय काढलात?"

"बॅलन्स केलं," केयूर म्हणाला. "आता पहिल्या गोळ्याला फक्त लोडर जातो, गोळा भरणारा. बाकीचे जखमी. गनर उठून त्याच्या जागी येतो आणि लढाई चालू! तुम्ही हो म्हणालात की आज संध्याकाळीच नवं व्हर्जन सोडतो. पहिल्याच पडद्यावर तुमचं नाव आहे, आजोबा. विशाल, दाखव रे."

खेळ तपासायला बसलेल्या विशालने कानांवर हेडफोन चढवले. पडद्यावर रणगाड्याचं पोट उघडलं. लोडर कोसळलेला. गनर त्याला बाजूला सारायला वाकला, तेवढ्यात लोडरचा हात वर आला आणि त्याने गनरची डावी बाही घट्ट धरली.

नंदकुमारांनी चहाचा कप खाली ठेवला.

"ओळखलंत ना?" अबोलीचे डोळे चमकले. "तुम्ही सांगितलेलं, जसंच्या तसं!"

सांगितलं होतं खरं. मागच्या महिन्यात चहा पिताना कुणीतरी विचारलं, लोडर गेला तर दुसरा यायला किती वेळ लागतो? तेव्हा त्यांनी आपल्या लोडरचं, देवदत्तचं नाव काढलं. देवदत्तने बाही धरली होती, एवढंच बोलले. कीर्तनात अभिमन्यू पडतो तेव्हा तबला थांबतो, पेटी थांबते. बुवा तीनदा नाम घेतात आणि ते विरेपर्यंत पुढचा शब्द उच्चारत नाहीत. बाया पदराने डोळे पुसतात. सांगितलेली गोष्ट लोक अशीच ऐकतात, असं नंदकुमार धरून चालले होते. इथल्यांनी ती लिहून घेतली होती.

"बाही सुटायला आठ सेकंद ठेवलेत," केयूर सांगत होता. "पण आठ जास्त होतात, माणूस कंटाळतो. म्हणून लेव्हल वाढली की तीन. ट्रेनिंग झालेला गनर पटकन हात सोडवतो."

"सोडवतो म्हणजे?"

"झटकतो. बटण दिलंय त्याला."

विशाल तेच बटण दाबत होता. टकटक टकटक टकटक. "सोड ना यार!" तो पडद्यावरच्या लोडरला म्हणाला. "मर ना एकदाचा! वाट लावली माझी!"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. केयूरही हसला.

त्या दिवशी रणगाड्यात जळक्या तेलाचा, रक्ताचा वास भरला होता, पण नंदकुमारांना त्याची किळस आली नव्हती. तो आपल्या माणसांचा वास होता. इथे मोगऱ्याचा फ्रेशनर मारलेला होता आणि त्यांना शिसारी येत होती, नातवाच्या हसऱ्या तोंडाची आणि त्याहून जास्त स्वतःच्या जिभेची.

"खरं सांगा आजोबा," केयूरची बोटं कीबोर्डवर तयार होती. "तुम्हाला हात झटकायला किती लागले? तीन चालतील?"

"झटकला नाही रे," नंदकुमार म्हणाले. "चाकूने बाही कापली. ती त्याच्या मुठीतच राहू दिली."

केयूर आजोबांच्या उघड्या हाताकडे बघत राहिला. आईच्या लग्नाच्या फोटोतही तो हात उघडाच होता. त्याची बोटं कीबोर्डवरून हलली नाहीत.

अबोलीच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. ते मनगटाने पुसत ती हळूच म्हणाली, "केयूर, चाकू. चाकू टाकता येईल. मग तीन सेकंद बरोबर बसतात."

नंदकुमार उठले.

"माझं नाव काढ, केयूर."

मांडीवरचं जॅकेट त्यांनी उलगडलं, विशालच्या डोक्यावरून हात पुढे नेला आणि चेहऱ्यावर चादर ओढावी तसं ते पडद्यावर पांघरलं. दोन्ही बाह्या दोन्ही बाजूंनी नीट खाली सोडल्या.

"ओ आजोबा, मॅच चालू आहे!" विशालने दचकून हेडफोन उपटले, तशी तार निघाली आणि आवाज खोलीत मोकळा झाला.

जॅकेटखालून नंदकुमारांचाच आवाज आला, खणखणीत.

"लोडर बदलला. गोळा तयार."